भूमिगत नाण्यांचा शोध आणि धातुशोधक यंत्रें

मार्च २०२५ मध्यें बऱ्हाणपुराजवळील असीरगड येथील शेतांतून, रात्रीच्या वेळीं, विजेच्या बत्त्या, चाळण्या व धातुशोधक यंत्रें घेऊन पुष्कळ लोक मोंगली मोहरा हुडकीत असल्याचें वृत्त वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. 'छावा' हा चित्रपट नुकताच दाखविला गेला होता, आणि त्यानंतर तेथें गुप्तधनाची आवई उठली. पूर्वीं आपल्या प्रांतीं अशा कामाला पायाळू मनुष्य शोधीत व त्याच्या डोळ्यांत अंजन घालीत. तेवढ्यानें त्यास भुईंतलें द्रव्य दिसूं लागतें अशी समजूत होती. पायाळूची जागा आतां यंत्रानें घेतली. समजूत मात्र तीच राहिली कीं, यंत्रास भुईंतलें दिसतें. ही समजूत खरी नाहीं. सोलापूर प्रांतीं जुन्या नाण्यांचा संग्रह करणारे पुष्कळ आहेत, व त्यांच्याकडून या यंत्रांविषयीं वारंवार पृच्छा होते. म्हणून यंत्र काय सांगतें, काय सांगत नाहीं, आणि खोल गेलेलें नाणें ओळखण्याच्या कामीं निरनिराळ्या यंत्रांचा व वेटोळ्यांचा उपयोग कितपत होतो, याचें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. नाणें जमिनींत कसें जातें

यंत्राचा विचार करण्यापूर्वीं शोधावयाच्या वस्तूचा विचार केला पाहिजे. नाणें जमिनींत जातें तें मुख्यतः दोन प्रकारांनीं. कोणी तें बुद्ध्या पुरतो, किंवा कोणाच्या हातून तें नकळत पडतें. पहिल्या प्रकारास आपल्या धर्मशास्त्रकारांनीं निधि अशी संज्ञा दिली आहे. निधि हा मडक्यांत किंवा धातूच्या भांड्यांत, घराच्या जोत्याखालीं, भिंतींत वा शेताच्या बांधाशीं, सहसा हात दोन हात खोल असतो. दुसऱ्या प्रकारचीं नाणीं बाजाराच्या जागीं, नदीच्या उतारावर, छावणीच्या तळावर एकेकटीं विखुरलेलीं असतात, व आरंभीं तरी वरच्या थरांत असतात. भीमातीरीं माचणूरजवळील ब्रह्मपुरी येथें औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. त्याच्या रुपयांवर सोलापूर हें टांकसाळीचें नांवही आढळतें. अशा प्रदेशांत दोन्ही प्रकारचीं नाणीं असणें स्वाभाविक आहे. परंतु एका प्रकारास उपयोगी पडणारें यंत्र दुसऱ्यास उपयोगी पडेलच असें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं आरंभींच ध्यानांत धरावी.

२. यंत्राचें तत्त्व

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें व तें क्षणोक्षणीं बदलतें. या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे लहान प्रवाह फिरूं लागतात. त्या प्रवाहांचें स्वतःचें क्षीण चुंबकक्षेत्र असतें, आणि तें दुसऱ्या एका वेटोळ्यानें टिपून कानाला ध्वनीच्या रूपानें वा डोळ्याला अंकाच्या रूपानें कळविलें जातें. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यानें १८८१ मध्यें अमेरिकेचा अध्यक्ष गारफील्ड याच्या देहांतील गोळी शोधण्याकरितां असेंच साधन वापरलें. गोळी सांपडली नाहीं, पण तत्त्व टिकलें. दुसऱ्या महायुद्धांत पोलिश अधिकारी कोसात्स्की यानें सुरुंग शोधण्याचें यंत्र सिद्ध केलें व १९४२ मध्यें अल अलामीनच्या रणांगणावर त्याचा उपयोग झाला. आजचीं यंत्रें याच घराण्यांतलीं आहेत.

या तत्त्वांतच यंत्राची मर्यादा दडलेली आहे. वेटोळ्याच्या आकाराच्या मानानें अंतर पुष्कळ झालें म्हणजे चुंबकक्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणांत क्षीण होतें. नाण्याकडे जातांना तें एकदां क्षीण होतें आणि नाण्याचें उत्तर परत येतांना पुन्हां तितकेंच. म्हणजे अंतर दुप्पट झालें तर उत्तर निम्मे नव्हे, तर सुमारें चौसष्टावा हिस्सा उरतें. यंत्राची शक्ति दुप्पट केली तरी खोलींत बोटभरही भर पडणें कठीण, याचें कारण हेंच. हातांत धरावयाच्या चांगल्या यंत्रास रुपयाएवढें एकटें नाणें वीतभर, फार तर त्याहून चार बोटें अधिक खोलीवर कळतें. दोन पुरुष खोलीवरील एकटी मोहर दाखविणारें यंत्र म्हणून जें विकावयास येतें, तें या नियमाच्या विरुद्ध आहे एवढें ओळखून ग्राहकानें पैसे आपल्या कनवटीसच ठेवावे.

३. यंत्रांचे तीन प्रकार

पहिला प्रकार अखंड लहरींचा. यांत प्रवाह सेकंदास कांहीं हजार वेळां, म्हणजे साधारणतः तीन ते चाळीस किलोहर्ट्झ या मर्यादेंत, उलटसुलट होतो. नाण्याचें उत्तर मूळ लहरीच्या मागें किती रेंगाळतें हें मोजून हें यंत्र धातूचा अदमास करतें. कमी वारंवारतेचीं यंत्रें तांब्यारुप्याच्या मोठ्या नाण्यांस अनुकूल. अधिक वारंवारतेचीं यंत्रें लहान, पातळ किंवा हीण धातूच्या नाण्यांस अनुकूल. अलीकडे एकाच वेळीं अनेक वारंवारता वापरणारीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांत दोहोंचा मेळ घातलेला असतो.

दुसरा प्रकार स्पंदांचा. यास पल्स इंडक्शन म्हणतात. यांत प्रवाहाचा ठोका देऊन तो एकदम बंद करतात, आणि कांहीं मायक्रोसेकंदांनंतर जमिनींत कोणाचे प्रवाह अजून रेंगाळत आहेत हें ऐकतात. खनिजयुक्त जमिनींत हा प्रकार पहिल्याहून खोलवर जातो. परंतु लोखंड कोणतें आणि नाणें कोणतें हें सांगण्याची त्याची शक्ति बेताची असते. ज्या पांढरींत दर हातास एक खिळा आहे, तेथें हें यंत्र अखंड ओरडत राहतें.

तिसरा प्रकार दोन पेट्यांचा. लहरी सोडणारी व लहरी टिपणारी अशा दोन पेट्या हातदोनहाताच्या दांडीच्या दोन टोकांस बसविलेल्या असतात. एकटें नाणें या यंत्रास मुळींच कळत नाहीं, आणि तोच त्याचा गुण आहे. कारण त्यामुळें वरचे खिळे व पत्रे याला अडवीत नाहींत, आणि तांब्याच्या हंड्याएवढी वस्तु मात्र हात दोन हात खोलीवर असली तरी कळते. तात्पर्य, विखुरलेल्या नाण्यांस पहिला प्रकार, निधीस तिसरा, आणि दुसरा या दोहोंच्या मधला.

४. वेटोळ्यांचा विचार

लहान वेटोळ्याचें क्षेत्र जवळ दाट व दूर विरळ असतें. मोठ्याचें जवळ विरळ, पण दूरवर पोंचणारें. म्हणून बारा सेंटिमीटरचें लहान वेटोळें खिळ्यांच्या गर्दींतून एक नाणें वेगळें काढतें, पण चार बोटांखालीं त्याचें बळ सरतें. सुमारें पंचवीस सेंटिमीटरचें वेटोळें सर्वसाधारण कामास योग्य. चाळीस सेंटिमीटरच्या वेटोळ्यास रुपयासारखें नाणें थोडें अधिक खोल कळतें. पण होनासारखें बारीक नाणें त्याच्या विरळ क्षेत्रांतून निसटतें, आणि जितकी जमीन अधिक व्यापली तितकी जमिनीची स्वतःची गडबडही अधिक ऐकूं येते. मोठें वेटोळें लावलें म्हणजे खोली वाढलीच, हा समज यास्तव अर्धवट आहे.

आकाराइतकेंच महत्त्व रचनेस आहे. एकांत एक बसविलेल्या समकेंद्र वेटोळ्यांचें क्षेत्र उलट्या शंकूसारखें, खालीं निमुळतें होत जातें. त्यानें नाण्याची जागा नेमकी कळते, परंतु खनिजयुक्त जमिनींत त्याचा पल्ला फार घटतो. डबल-डी नांवाच्या रचनेंत दोन अर्धवर्तुळाकार वेटोळीं मध्यें एकमेकांवर आलेलीं असतात. त्यांचें क्षेत्र सुरीच्या पात्यासारखें अरुंद व लांब असतें. त्यामुळें एका वेळीं कमी जमीन यंत्राच्या दृष्टीखालीं येते व काळ्या जमिनींत काम सुलभ होतें. सोलापुरासारख्या प्रदेशांत ही दुसरी रचनाच घ्यावी, असें आमचें मत आहे.

५. अंक आणि धातु

यंत्राच्या पडद्यावर जो अंक उमटतो त्यास पुष्कळ लोक धातूचें नांवच समजतात. तो अंक धातूचा नसून धातूची वाहकता, नाण्याची जाडी व व्यास यांच्या एकत्रित परिणामाचा असतो. मोंगली रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, शुद्ध रुप्याचा व जाड; त्याचा अंक उंच येतो. पूर्ण वजनाची तांब्याची शिवराई दहाबारा ग्रॅमची. तिचाही अंक उंचच, कारण तांबें रुप्याहून वाहकतेंत थोडेंच उणें आहे. सुवर्णाचा होन मात्र पावणेतीन ग्रॅमच्या आसपास व आकारानें बारीक. सोनें उत्तम वाहक असूनही होनाचा अंक खालीं येतो, आणि तेथेंच अल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तुकडेही येतात. सातवाहनांचीं पोटिन धातूचीं नाणीं तर तांबें, कथील व शिसें यांच्या मिश्रणाचीं. हें मिश्रण तांब्याहून पुष्कळ हीण वाहक असल्यामुळें तीं आणखी खालीं जातात. म्हणून जो शोधक "खालचे अंक नकोत" अशी योजना यंत्रांत करून ठेवतो, तो कचऱ्याबरोबर होन व सातवाहन या दोघांनाही वगळतो.

खोल नाण्याच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. नाण्याचें उत्तर क्षीण झालें म्हणजे त्यांत जमिनीचें स्वतःचें उत्तर मिसळतें व अंक ढळूं लागतो. बहुधा तो लोखंडाच्या बाजूस झुकतो. वरच्या थरांत जें नाणें स्पष्ट नाणें म्हणून बोलतें, तेंच वीतभर खालीं गेलें कीं खिळा म्हणून बोलूं लागतें. उलट मोठें गंजलेलें लोखंड किंवा लोखंडी कडें कधीं कधीं रुप्याचा उंच अंक देतें. निधि भांड्यांत असेल तर भांड्याचा धातु आधीं बोलतो. तांब्याच्या लोटींत होन आहेत कीं ती रिकामी आहे, हें यंत्र सांगूं शकत नाहीं.

६. काळ्या जमिनीचा स्वभाव

आमच्या जिल्ह्यांतील काळी जमीन ही अग्निजन्य काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली आहे. त्या पाषाणांत लोहचुंबकी खनिजें असतात; तीं मातींत उतरतात व यंत्राच्या प्रत्येक लहरीस उत्तर देतात. यांतील अतिसूक्ष्म कण चुंबकत्व घेतांना व सोडतांना रेंगाळतात. त्यामुळें स्पंदयंत्रही पूर्णपणें निर्वेध राहत नाहीं. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं धातुरहित जागीं वेटोळें वरखालीं करून यंत्राचा व जमिनीचा मेळ बसविणें, आणि शंभरदोनशें पावलांवर तो पुन्हां तपासणें अवश्य आहे. पांढऱ्या गाळाच्या नदीकांठावर जें यंत्र वीतभर खोल जातें, तेंच काळ्या शेतांत चार बोटांवर अडखळतें; परदेशांतील जमिनीवरून लिहिलेले पल्ल्याचे आंकडे येथें जसेच्या तसे घेऊं नयेत.

या जमिनीचा दुसरा गुण इतिहाससंशोधकास अधिक महत्त्वाचा आहे. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत फाटते. भेगा हातदोनहात खोल जातात. वैशाखांत पडलेलें कालचें नाणें अशा भेगेंतून खालच्या थरांत जाऊन बसतें, आणि नांगराच्या फाळानें जुनें नाणें वर येतें. म्हणून काळ्या शेतांत "खोल तें जुनें" हा नियम लागूं पडत नाहीं. नाण्याचा काळ ठरवावयाचा तर तें कोणत्या खोलीवर सांपडलें यापेक्षां कोणत्या खापरांच्या, विटांच्या, राखेच्या सोबतीनें सांपडलें हें पाहिलें पाहिजे; आणि ही सोबत यंत्रास कळत नाहीं.

७. संकेताची परीक्षा

खोल वस्तूचा संकेत मिळाला असतां तो नाण्याचा आहे काय, हें पाहण्याच्या कांहीं रीति अनुभवी लोक सांगतात. वेटोळें पूर्वपश्चिम फिरवून झाल्यावर शोधकानें काटकोनांत वळून दक्षिणोत्तर फिरवावें. नाण्याचा ध्वनि दोन्ही दिशांनीं बहुधा सारखा राहतो, लांबट खिळ्याचा बदलतो किंवा तुटतो. वेटोळें हळूहळू वर उचलावें. लहान वस्तूचा ध्वनि लगेच मावळतो, मोठ्या व खोल वस्तूचा सावकाश. ध्वनि मऊ पण पुनःपुन्हां त्याच जागीं येणारा असेल तर तो विश्वसनीय. कर्कश व जागा बदलणारा असेल तर लोखंडाचा संशय घ्यावा. नाणें उभें रुतलें असेल तर त्याचें उत्तर निर्बळ व कधीं दुहेरी येतें, हेंही लक्षांत ठेवावें. शिकाऊ मनुष्यानें हा सराव आपल्या अंगणांत चालू व्यवहारांतलीं नाणीं निरनिराळ्या खोलीवर पुरून करावा. जुन्या पांढरीवर जाऊन तो करूं नये.

८. नाणें मिळतें, पण काय जातें

येथें एक शंका उद्भवते. यंत्रानें नाणें सांपडतें एवढें खरें असेल, तर संग्राहकानें त्याचा उपयोग कां करूं नये? याचें उत्तर दोन प्रसिद्ध निधींच्या इतिहासांत आहे. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ च्या सुमारास नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रौप्यनाणीं एकत्र मिळालीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. त्यांतील एखादें नाणें सुटें बाजारांत आलें असतें तर तें एक कुतूहलाची वस्तु ठरलें असतें. सबंध निधि एकत्र तपासतां आला म्हणूनच क्षहरातांच्या पराभवास नाण्यांची भक्कम साक्ष मिळाली. तशीच गोष्ट वऱ्हाडांतील तऱ्हाळे येथें १९३९ मध्यें मिळालेल्या सुमारें सोळाशें सातवाहन नाण्यांची. महामहोपाध्याय मिराशी यांनीं तीं वाचलीं, तेव्हां कुंभ, कर्ण व शक सातकर्णि अशीं, पुराणांतील वंशावळींत न आढळणारीं राजनामें उजेडांत आलीं.

याच्या उलट उदाहरण २०२१ मधील आहे. पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनीं चिखली भागांत बांधकामाच्या खोदाईंत मजुरांस मिळालेलीं २१६ सुवर्णनाणीं जप्त केलीं. त्यांचें एकूण वजन २,३५७ ग्रॅम असल्याचें प्रसिद्ध झालें. भागाकार केला असतां प्रत्येकीं सुमारें १०.९ ग्रॅम येतात, म्हणजे मोंगली मोहरेच्या प्रमाण वजनाशीं तें जुळतें. नाणीं वांचलीं हें सुदैवच. परंतु तीं कोणत्या थरांत, कोणत्या भिंतीच्या आधारानें, कशाच्या सोबतीनें होतीं हें पाहण्याची वेळ तोंवर टळून गेली होती.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांना याचें मर्म अधिक चटकन् कळेल. दप्तरांतील ताळेबंदांत व कर्जरोख्यांत अंकुशी, चांदवडी, हाली अशीं नाण्यांचीं नांवें व त्यांवरील बट्टा पदोपदीं येतो. कागद नांव सांगतो व जमीन नग देते. अमुक नग अमुक परगण्यांत चालत होता हें ठरवावयाचें तर तो कोठें सांपडला याची नोंद लागते. सांपडण्याचें ठिकाण हरवलेलें नाणें म्हणजे आद्यंत पत्रें फाटलेली पोथी होय. मजकूर उरतो, पण लेखनकाल, लेखक व स्थळ गेलेलें असतें.

९. कायदा व कर्तव्य

निधीविषयींचा राजनियम आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्यानें निधि कळविणारास सहावा हिस्सा व तो कळविणारा चाकर असल्यास बारावा हिस्सा सांगितला आहे. याज्ञवल्क्यानें न कळविणारास दंड सांगितला आहे. आजचा नियम १८७८ च्या भारतीय निखात निधि कायद्याचा. त्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें कांहींही जमिनींत सांपडल्यास सांपडणारानें त्याचें स्वरूप, अदमासें किंमत, ठिकाण व दिवस जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविलें पाहिजे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. मालक न निघाल्यास व सांपडणारा आणि जमिनीचा धनी यांत निराळा करार नसल्यास तीन हिस्से सांपडणाराचे व एक हिस्सा जमिनीच्या धन्याचा. सरकारनें निधि घेतला तर धातूची किंमत व तिचा पांचवा हिस्सा वर असें मूल्य देण्याची तरतूद आहे. संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खणणें १९५८ च्या केंद्रीय व १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें निषिद्ध आहे. आणि शंभर वर्षांवरील नाणें १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु असून तें खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं.

मग यंत्राचा योग्य उपयोग कोणता? तो उत्खननकारांच्या हातीं आहे. परवान्यानें चाललेल्या खोदकामांत पुढील थर खणण्यापूर्वीं वेटोळें फिरविलें असतां कुदळीखालीं नाणें फुटत नाहीं, व बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगांतून निसटलेलीं बारीक पोटिन नाणीं परत मिळतात. सोलापुराच्या उत्तरेस तेर येथें १९५८ मध्यें चापेकर यांनीं उत्खनन केलें. जेथें सातवाहनकाळचें वसतिस्थान आहे, तेथें चाळणीच्या जोडीस यंत्र असणें लाभाचेंच.

शेतकऱ्याच्या फाळास किंवा मजुराच्या पहारीस नाणीं लागलीं, तर गांवच्या जाणत्यांनीं पुढील गोष्टी करवून घ्याव्या, अशी आमची विनंति आहे. खोदणें तेथेंच थांबवावें. मडकें असल्यास तें फोडूं नये, नाणीं निवडूं नयेत. चिंचेच्या कोळानें किंवा लिंबानें तीं घासूं नयेत. त्यानें हिरवा थर जातो व अक्षरेंही झिजतात. गट नंबर, बांधापासूनचें अंतर, खोली, सोबतची खापरें व तारीख कागदावर लिहावी, जागेचें छायाचित्र घ्यावें, आणि तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडील लेखी सूचनेस जोडावा. संग्राहकांनींही ठिकाण न सांगणाऱ्याकडून नाणें घेऊं नये. ज्यांच्या संग्रहीं पूर्वींपासून अशीं नाणीं आहेत, त्यांनीं तीं कोणत्या गांवाहून आलीं हें घरांतील वडील माणसें हयात आहेत तोंवर विचारून पाकिटावर लिहून ठेवावें.